ताप उतरला, पिंप मात्र भरलेले

केसपेपरवर रुग्णाचा पूर्ण पत्ता लिहायची शिस्त मला माझ्या जुन्या कंपाउंडरने लावली. मी नवा होतो तेव्हा नाव, वय आणि वजन लिहिले की झाले, असे मला वाटे. तो मात्र ‘साहेब, गल्ली कुठली ते पण लिहा, पुढं उपयोगी पडतं’ असे म्हणून स्वतःच लिहून टाकायचा. राहिलेली फी वसूल करायला उपयोगी पडते, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला होता.

२०२३ साली गणपती उठले त्याच आठवड्यातली गोष्ट. शनिवारी दुपारी दवाखाना बंद करण्यापूर्वी मी आठवड्याचे केसपेपर चाळत बसलो होतो. तापाचे २९ रुग्ण. त्यांतले १७ एकाच कॉलनीतले, आणि त्या १७ पैकी ११ पाण्याच्या टाकीमागच्या एकाच गल्लीतले. कॉलनी माझीच. माझ्या घरापासून ती गल्ली हाकेच्या अंतरावर. मी रोज सकाळी स्कूटर काढून तिथूनच दवाखान्यात येतो आणि त्या आठवडाभरात मला काहीही दिसले नव्हते.

सगळ्यांची तक्रार जवळपास सारखी. एकाएकी थंडी वाजून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे मोडून आल्यासारखे, अन्नावर वासना नाही, काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पुरळ. आणि मागणीही सारखीच, ‘डॉक्टर, एक सलाईन लावून टाका, म्हणजे मोकळं होईल.’

वाचकहो, हा डेंग्यू होता हे आपण ओळखलेच असेल. त्याविषयी या सदरात पूर्वीही लिहून झाले आहे. आज पुन्हा लिहितो आहे, त्याला कारण त्या ११ केसपेपरांतला एक कागद.

ती मुलगी नववीत होती. वडील रिक्षा चालवतात. तिसऱ्या दिवशी मी तिला तपासले. ताप १०३, बाकी सर्व ठीक. पॅरासिटामॉल लिहून दिले, भरपूर पाणी, ताक, लिंबूपाणी द्या म्हणालो, आणि निघताना वडिलांना सांगितले, ‘ताप वाढला तर लगेच घेऊन या.’ माझे वाक्य जसेच्या तसे लक्षात आहे. पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला. घरी सर्वांना हायसे वाटले. पोटात दुखते म्हणाली, तर ‘चार दिवस पोटात काही नाही, वायू धरला असेल’ म्हणून ओवा दिला. दोनदा उलटी झाली. संध्याकाळी हातपाय गार पडले तेव्हा वडील तिला स्वतःच्याच रिक्षात घालून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. पहाटे ती गेली.

वडिलांनी मी सांगितले तेच केले होते. ताप वाढला नव्हता, म्हणून ते आले नाहीत. ‘ताप उतरला तरी घेऊन या’ हे पाच शब्द मी बोललो असतो तर, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तेव्हापासून डेंग्यूच्या प्रत्येक संशयित रुग्णाच्या कागदावर मी ते लाल शाईने लिहितो.

डेंग्यूत धोक्याची वेळ ताप असतानाची नसते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमके तेव्हा काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौचास होणे, लघवी कमी होणे, रुग्ण मलूल किंवा अस्वस्थ होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर घड्याळ न बघता मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्लेटलेट्सचा आकडा सगळे विचारतात. मला त्या आकड्याची भीती घातलेली आवडत नाही. आकडा खाली आला म्हणजे लगेच प्लेटलेट्स चढवायच्या असतात असे नाही, आणि पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवून रुग्णाला घरी झोपवून ठेवणे तर मुळीच नको. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक ही अंगदुखीची औषधे या तापात घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याने चांगुलपणाने दिली तरी घेऊ नयेत.

पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस-१ तपासणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एक प्रकार होऊन गेला म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू पुढे झाला तर तो अधिक जोरात येऊ शकतो. औषधाचा भाग एवढाच. विषाणू मारणारे औषध अजून आपल्या हाती नाही. म्हणून दवाखान्यातून उठून गल्लीत जावे लागले.

रविवारी सकाळी कंपाउंडरला घेऊन मी त्या गल्लीत गेलो. पहिल्याच घरी अंगणात तीन निळी पिंपे, एक टिपाड, न्हाणीघरात सिमेंटचा हौद, माळ्यावर टाकी. सगळे भरलेले. टॉर्च लावून पाहिले तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या, प्रकाश पडताच सुळकन खाली जात होत्या. पाणी अगदी स्वच्छ. घरच्या आजी म्हणाल्या, ‘डॉक्टर, गटाराचं पाणी नाही हो ते, पिण्याचं आहे.’ त्यांना वाटले मी त्यांच्या घराला अस्वच्छ म्हणतो आहे. हा गैरसमज सगळीकडे आहे. डेंग्यूचा डास, ज्याला शास्त्रात एडीस इजिप्ती म्हणतात, तो गटारात राहणाऱ्यांपैकी नाही. त्याला निवळ, साठवलेले पाणी लागते. पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, मुख्यत्वे सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी. कॉटखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो. फार लांब उडत नाही, जन्मल्या ठिकाणापासून बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतो. म्हणजे आपल्याला चावलेला डास आपल्याच किंवा शेजारच्या घरी जन्मलेला असतो. नगरपालिकेच्या नाल्याला शिव्या देताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. (नाल्यातही डास होतात, त्यांचे रोग वेगळे. नाला साफ हवाच.)

त्या दिवशी २३ घरे पाहिली. १४ घरांत अळ्या सापडल्या. दुपारी घरी आलो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘आपल्याकडचं पाहिलंत का?’ मी हसलो. मग फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून काढला. त्यात अळ्या होत्या. दिवाणखान्यातल्या मनीप्लँटच्या बाटलीतही होत्या. पंधरा.

धुराची गाडी

सोमवारी कॉलनीतील दहा-बाराजण जमले. त्या काळात आमच्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. २०२५ च्या डिसेंबरात मतदान होईपर्यंत तक्रार नेमकी कोणाकडे करायची हेच लोकांना कळत नव्हते. मग एका माजी, आणि अर्थात भावी, नगरसेवकांनी पुढाकार घेतला व दुसऱ्याच दिवशी धुराची गाडी आली. गल्ली पांढऱ्या धुराने भरली, पोरे मागे धावली, फोटो निघाले, ते फोनवर सर्वत्र फिरले. लोकांना समाधान वाटले. पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतून आणखी सहा रुग्ण आले.

धूर वाया जातो असे मी म्हणत नाही. साथ पेटलेली असताना उडत्या, विषाणू बाळगणाऱ्या डासांची संख्या तात्पुरती कमी करायला तो उपयोगी आहे. पण धूर येताच आपण दारेखिडक्या लावून घेतो, आणि डास आत कॉटखाली बसलेला असतो. पाण्यातल्या अळीवर धुराचा काही परिणाम होत नाही. आजची अळी चार दिवसांनी डास होऊन बाहेर येते. अंड्यापासून डास व्हायला उन्हापावसाप्रमाणे साधारण सात ते दहा दिवस लागतात. सगळे गणित या सात दिवसांत आहे. आठवड्यातून एकदा घरातले प्रत्येक भांडे रिकामे झाले तर अळीला डास होण्याइतकी मुदतच मिळत नाही. याला आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ म्हणते. भिंतीवर रंगवलेले आपण वर्षानुवर्षे वाचतो.

मग लोक तो पाळत का नाहीत? मीही अनेक वर्षे ‘लोकांना समजत नाही, आळशी आहेत’ असेच म्हणत आलो. त्याचे उत्तर मला टाकीमागच्या गल्लीतल्या एका ताईंनी दिले. बचत गट चालवतात. म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, पाणी ओतून देते मी, पण उद्या नळ येईल हे तुम्ही सांगणार का? मागच्या खेपेला पाचव्या दिवशी येणार होतं, आठव्या दिवशी आलं. रिकामं पिंप घेऊन कोणाच्या दारात जाऊ?’

यावर मला काही बोलता आले नाही. आमच्या घरी बोअर आहे. पिंप ओतून देण्याची छाती मला आहे, तिला नाही, कारण माझ्याकडे दुसरे पाणी आहे. पाणी कधी येईल याची खात्री नसली की माणूस साठवतो, साठवलेले कधीच पूर्ण रिकामे होऊ देत नाही, नवे आले की त्यावरच ओततो. त्यात डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणजे नुसते ओतूनही भागत नाही, ब्रशने किंवा काथ्याने आतून घासावे लागते. हे सर्व करायला निदान अर्धा दिवस पिंप रिकामे राहिले पाहिजे. तेवढी शाश्वती नगरपालिकेने द्यायची असते.

वेळापत्रक

आमच्या मंडळींनी पहिला अर्ज लिहिला तो नेहमीसारखाच. पाणी रोज मिळावे, गटारे बांधून मिळावीत, कचरा उचलावा, फवारणी व्हावी, रस्ता व्हावा. निवृत्त पोस्टमास्तर आहेत आमच्याकडे, त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘यात सहा खाती आहेत. प्रत्येक खातं म्हणेल, दुसऱ्याकडे पाठवला.’ तसेच झाले. गटारांचे उत्तर तर तोंडपाठ आहे. लेआउट मंजूर आहे, पण कॉलनी पालिकेकडे हस्तांतरित झालेली नाही, सबब विकासकाकडे मागणी करावी. विकासक कुठे आहे ते कोणास ठाऊक नाही. घरपट्टीचे बिल मात्र दरवर्षी न चुकता हस्तांतरित होते.

दुसरा अर्ज पोस्टमास्तरांनी लिहिला. मागणी एकच. आमच्या झोनला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सोडणार याचे वेळापत्रक लेखी द्यावे, आणि ते पाळता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. जास्त पाणी मागितले नाही, जास्त वेळा मागितले नाही. ६२ सह्या. सोबत माझे पत्र, तापाच्या रुग्णांची संख्या गल्लीवार मांडलेली, नावे न देता. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. संशयित रुग्णांची माहिती मी आरोग्य विभागाला वेगळी कळवली होतीच, ते प्रत्येक डॉक्टरचे कामच आहे.

पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी आधी ‘बघतो’ म्हटले. चौथ्या फेरीला मुख्याधिकाऱ्यांपुढे तो गल्लीवार तक्ता ठेवला तेव्हा हालचाल झाली. पण खरी चावी निघाली ती वेगळ्याच माणसाच्या हातात. कॉलेजात जाणारी आमची दोन मुले रात्री टाकीजवळ चहाच्या टपरीवर व्हॉल्व्हमनला गाठू लागली. त्याला सगळे ठाऊक होते. जॅकवेलवर लाइट गेली की किती तास पंप थांबतो, टाकी किती फूट भरली की आमची बाजू सुटते, कोणत्या नळांना तोटी नसल्याने शेवटच्या घरांना पाणी चढत नाही. त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते, शिव्या मात्र भरपूर दिल्या होत्या. ठरले असे की रात्री टाकीची पातळी पाहून तो मुलांना फोन करणार आणि मुले पिठाच्या गिरणीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिणार, ‘उद्या सकाळी ६’ किंवा ‘उद्या नाही’. चार ओळी खडूच्या. फोनवरच्या ग्रुपातही जाते, पण आजी आणि ताई वाचतात तो फळाच.

उद्या सहाला नळ येणार हे नक्की झाले की आज संध्याकाळी पिंप पालथे घालायला कोणी कुरकुर करत नाही. कॉलनीचा कोरडा दिवस पाण्याच्या आदल्या संध्याकाळी ठरला. शिल्लक पाण्याने अंगण धुवायचे, झाडांना घालायचे, पिंप घासायचे, रात्रभर पालथे ठेवायचे. सिमेंटचे हौद उपसता येत नाहीत तिथे आरोग्य कर्मचाऱ्याने टेमिफॉस टाकले, ते ठरलेल्या प्रमाणात टाकले तर वापराच्या पाण्यात चालते. पडीक विहिरीत गप्पी मासे सोडले. हे मासे नदी-तळ्यात मात्र सोडू नयेत, तिथल्या आपल्या माशांच्या मुळावर येतात.

रविवारच्या फेरीला सुरुवातीला आठजण होतो. तंटे झाले. एका बंगल्यातल्या गृहस्थांनी ‘माझ्या घरात डोकावणारे तुम्ही कोण?’ म्हणून फाटकातून परत पाठवले. प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही कोणीच नव्हतो. मग ठरवले की बचत गटातल्या दोन ताई पुढे, आम्ही पुरुष बाहेर, आणि कोणाच्या घरी अळ्या सापडल्या हे चारचौघांत बोलायचे नाही. पहिली गोष्ट मी सर्वांना माझ्या फ्रिजच्या ट्रेची सांगत असे. त्याने काम सोपे होई. लोक म्हणत, डॉक्टरांकडेच निघाल्या, मग आमचं पाहा बापडे. त्या बंगल्यातल्या गृहस्थांनी तिसऱ्या रविवारी स्वतः बोलावले, त्यांची सून तापाने पडली होती.

फेरीला रिक्षावालेही येतात. पहिल्या दिवशी ते टॉर्च घेऊन आले तेव्हा कोणाला काय बोलावे सुचेना. ते फारसे बोलत नाहीत. पिंपात टॉर्च धरतात, दिसले तर पालथे करतात.

दिवाळीपर्यंत त्या गल्लीतून नवा रुग्ण येणे जवळजवळ थांबले. थंडीने डास तसेही कमी होतात, तेव्हा श्रेय किती आपले आणि किती हवेचे हे मी सांगणार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात त्या गल्लीतले चार रुग्ण मी पाहिले, २०२५ मध्ये सहा. फेरीला येणारे मात्र आठाचे तीन झाले होते. डिसेंबर ते मे कोणी फिरकत नाही आणि जूनमध्ये पुन्हा घरोघर विनवण्या कराव्या लागतात. हे असेच चालते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आमचे काम वर्तमानपत्रात आल्यावर एका अधिकाऱ्यांनी ‘अशीच प्रत्येक कॉलनीने जबाबदारी घ्यावी’ असे जाहीर भाषणात म्हटले. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. पिंप घासणे आमची जबाबदारी. पाणी पोचवणे, गटारे साफ ठेवणे, कचरा उचलणे, रोगराई आवरणे ही १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने पालिकेवर टाकलेली कर्तव्ये आहेत, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जे १८ विषय सांगितले त्यांत सार्वजनिक आरोग्यही आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली. त्यानंतर ते शहर सुधारले ते १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवल्यामुळे. नागरिकांनी झाडू घेतल्याचा फोटो काढून ते झाले नाही. स्वयंसेवकाने पालिकेचे काम अंगावर घेतले की पालिका खूश होते, आणि स्वयंसेवक दोन वर्षांत थकतो. आमच्या मुलांनी फळ्यावर लिहायचे आणि वेळापत्रक पालिकेने पाळायचे, ही वाटणी आम्ही हट्टाने टिकवली आहे. नवे नगरसेवक निवडून आले तेव्हा अभिनंदनाच्या हाराबरोबर पोस्टमास्तरांनी त्यांच्या हाती त्या जुन्या अर्जाची झेरॉक्स ठेवली.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. आपण त्याला डासांपासून वाचवतो असे वाटते, पण तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे शेजाऱ्याला चावतो, म्हणून मच्छरदाणी शेजाऱ्यासाठी आहे. सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी बांधावी. गावाला जाताना कूलर, फ्रिजचा ट्रे, फुलदाण्या, छपरावरचे टायर कोरडे करून जावे. कमोडचे झाकण लावून जावे.

सध्या आमची अडचण त्याच गल्लीतल्या एका कुलूपबंद घराची आहे. मालक नोकरीसाठी पुण्याला असतात. गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले आहे, शेजारच्या गच्चीवरून पाणी चकाकताना दिसते. किल्ली कोणाकडे नाही. मालकांना तीनदा फोन झाला, पुढच्या रविवारी येतो म्हणाले, ते दोन रविवार झाले. पालिकेला नोटीस काढण्याबाबत अर्ज दिला आहे, आवक क्रमांक घेतला आहे. रिक्षावाले म्हणतात शिडी लावून टाकी कलती करतो. पोस्टमास्तर म्हणतात, बेकायदेशीर होईल. आज त्या अर्जाला अकरा दिवस झाले.